नव्वद नंबरचं ऑइल

यवतमाळ असो, पुसद असो नाहीतर वणी, कुठल्याही ऑइलच्या दुकानात जाऊन "गिअर ऑइल द्या" म्हटलं की पलीकडून एकच प्रश्न येतो. "नव्वद की एकशे चाळीस?" बस्स. ट्रॅक्टरवाला, कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर, जीपवाला, मारुतीवाला, सगळ्यांना हाच प्रश्न. नव्वद म्हटलं की बादलीतून नाहीतर डब्यातून नव्वद मिळतं आणि विषय संपतो.

हा प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न दुकानात सहसा कुणी विचारत नाही, आणि जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं आयुष्य नेमकं त्याच्यावर अवलंबून असतं. तो अर्धा प्रश्न कुठून आला हे शोधताना मी बैलबंडीपासून अमेरिकन लष्करापर्यंत फिरून आलो. या वीकएंडचा लेख त्याबद्दल.

निमित्त सांगतो. बाबांकडे १९९७ ची मारुती ८०० आहे, एमएच-२९ पासिंगची. मारुतीने ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद केलं, पण बाबांनी चालवणं बंद केलेलं नाही. पंधरा वर्षं झाल्यावर गाडीची फेरनोंदणी झाली, पाच वर्षांनी परत झाली, पण विकायचं नाव नाही. शेतावर जायला यायला तीच. आता तिचा तिसरा गिअर टाकताना 'खर्र' असा आवाज येतो, रोज नाही, पण उन्हात गाडी तापली की हमखास. ऑइल बदलायचं ठरलं आणि कुठलं टाकायचं हे काम माझ्याकडे आलं. "तू इंजिनिअर ना?" बाबांच्या लेखी कॉम्प्युटर इंजिनिअर आणि मोटार मेकॅनिक यांत फक्त कपड्यांचा फरक आहे :-)

मेकॅनिकचं म्हणणं सरळ होतं. "नव्वदच टाका ना भाऊ, सगळ्यातच तेच लागते."

तर मंडळी, 'सगळ्यात तेच' हे कधीपासून सुरू झालं?

आपल्याकडे गाडीला तेल घालणं ही काही मोटारीबरोबर आलेली गोष्ट नाही. बैलबंडीच्या चाकात आणि आखात वंगण घालावंच लागे, नाहीतर कापूस भरलेली बंडी जिनिंगपर्यंत पोचण्याआधी कुरकुरून गाव गोळा करायची. घरोघर उपलब्ध असलेलं आणि या कामाला पुरून उरणारं तेल म्हणजे एरंडेल. चिकट, जाड, धातूला धरून राहणारं. चाक हळू फिरतं, ओझं मात्र भरपूर, अशा ठिकाणी तेल पातळ असून चालत नाही, ते दोन पृष्ठभागांच्या मधून पळून जातं. ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होती.

आणि हे एरंडेल खेडवळ वगैरे अजिबात नाही. इंग्लंडात चार्ल्स वेकफिल्डने १८९९ मध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये मोटारींसाठी जे नवं तेल बाजारात आणलं, त्यात एरंडेल मिसळलेलं होतं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, म्हणून तेलाचं नाव कॅस्ट्रॉल. म्हणजे आज चकचकीत डब्यात मिळणाऱ्या त्या ब्रँडच्या नावातच एरंडाचं झाड आहे.

सुरुवातीच्या मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये काय घालायचे? याचं उत्तर रेल्वेकडून आलं. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरसाठी एक अतिशय दाट तेल वापरत. अमेरिकेत व्हॅक्यूम ऑइल कंपनीचं असं '६००-डब्ल्यू' नावाचं स्टीम सिलिंडर ऑइल होतं, आणि १९२७ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल-ए मध्ये गिअरबॉक्सला आणि मागच्या डिफरन्शियलला हेच तेल सांगितलेलं होतं. यवतमाळकरांना वाफेचं इंजिन लांबचं वाटू नये. आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजवर, म्हणजे आता बंद पडलेल्या 'शकुंतला'वर, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. बाबांच्या मारुतीच्या तीनच वर्षं आधीपर्यंत.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. तेल दाट की पातळ, एवढाच प्रश्न. दुकानातला 'नव्वद की एकशे चाळीस' हा प्रश्न या काळातला आहे. नव्वद आणि एकशे चाळीस हे दाटपणाचे आकडे आहेत, बाकी काही नाही.

(जाता जाता एक गैरसमज. इंजिन ऑइल चाळीस नंबरचं आणि गिअर ऑइल नव्वद नंबरचं, म्हणून नव्वद दुप्पट दाट, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दोघांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या. १०० अंश सेल्सिअसला नव्वदचं गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. आकडे मुद्दाम लांब ठेवले, म्हणजे एकाच्या जागी दुसरं ओतलं जाऊ नये.)

गोष्ट बिघडली ती १९२६ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत पॅकार्डने आपल्या गाड्यांमध्ये 'हायपॉइड' गिअर आणले. त्याआधी इंजिनकडून येणारा लांब दांडा मागच्या मोठ्या दातेरी चाकाला बरोबर मध्यावर भेटायचा. हायपॉइडमध्ये तो मध्याच्या खाली भेटतो. फायदा असा की दांडा खाली गेला, त्यामुळे गाडीचा तळ खाली आला, गाडी बुटकी आणि देखणी झाली, आवाजही कमी झाला. सगळ्यांनी ही कल्पना उचलली.

तोटा तेलाच्या वाट्याला आला. साध्या गिअरचे दात एकमेकांवर बरेचसे लाटण्यासारखे फिरतात. पोळपाटावर लाटणं फिरतं, घासत नाही. हायपॉइडचे दात मात्र पाट्यावर वरवंटा घासावा तसे, प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत जातात. एरंडेल घ्या, ६००-डब्ल्यू घ्या, कितीही दाट तेल घ्या, या दाबाखाली तेलाचा थर फाटतो आणि लोखंडाला लोखंड भिडतं. काही मैलांत दात खरवडून निघतात.

दाटपणाने जे जमलं नाही ते रसायनाने जमवलं. तेलात गंधकाची संयुगं मिसळली, सोबत सुरुवातीला शिशाचा साबण, पुढे फॉस्फरस. दात घासून ज्या ठिकाणी कमालीचे तापतात, नेमकं त्याच ठिकाणी गंधक लोखंडाशी संयोग पावतं आणि दातावर एक पातळ, मऊ पापुद्रा तयार होतो. घासला जातो तो पापुद्रा, दात नाही. गेला की लगेच नवा बनतो. थोडक्यात, दातांच्या ऐवजी रसायन मरतं. यालाच 'ईपी' तेल म्हणतात, एक्स्ट्रीम प्रेशर. यात एके काळी स्पर्म व्हेलच्या तेलावर गंधकाची प्रक्रिया करून तेही वापरत. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त ठरवलं आणि रसायनवाल्यांना दुसरे पर्याय शोधावे लागले. असो.

आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते पाहू. १९२८ मध्ये कॅडिलॅकने 'सिंक्रोमेश' आणला. त्याआधी गिअर बदलणं ही कसरत होती. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा, मग गिअर टाका. ट्रकचे आणि एसटीचे जुने ड्रायव्हर याला 'डबल क्लच' म्हणतात आणि अजूनही अभिमानाने करून दाखवतात. सिंक्रोमेशने हे काम एका छोट्या कड्यावर सोपवलं. गिअर टाकताना हे कडं आधी जाऊन गिअरच्या शंकूसारख्या भागाला घट्ट धरतं, दोघांचा वेग एक होतो, आणि मगच दात एकमेकांत बसतात. वेग एक व्हायच्या आत दात भिडले की तो 'खर्र' आवाज.

हे कडं बहुतेक गाड्यांत पितळेचं असतं. आणि इथे खरा पेच आहे. पहिलं म्हणजे, कड्याचं काम धरण्याचं, घसरण्याचं नाही. म्हणजे एकाच तेलाने दातांना घसरू द्यायचं आणि कड्याला धरू द्यायचं. तेल जरा जास्तच निसरडं झालं तर कडं नुसतं फिरत राहतं. दुसरं म्हणजे, लोखंडावर उपकार करणारं ते गंधक तांब्यालाही सोडत नाही, आणि पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच असतं. आपल्या आज्यांना हे वेगळ्या तऱ्हेने माहीत होतं. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. तिथे काम आंबटाचं असतं, इथे गंधकाचं, एवढाच फरक. गिअरबॉक्सच्या आत कल्हई कोण लावणार?

म्हणून ज्या गाड्यांत गिअरबॉक्स वेगळा आणि मागचं डिफरन्शियल वेगळं, तिथे कंपन्यांनी दोन वेगळी तेलं सांगितली. याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे जीप. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तालुक्याचा तहसीलदार असो, जंगल खात्याचा रेंजर असो नाहीतर प्रचाराला निघालेला पुढारी, पुढची कित्येक दशकं खेड्यातल्या रस्त्यावर जीपच दिसायची. त्यातल्या सीजे-३बी मॉडेलच्या विलीजच्या तक्त्यात गिअरबॉक्सला नव्वदचं साधं मिनरल गिअर ऑइल आणि डिफरन्शियलला नव्वदचं हायपॉइड ऑइल असं स्वच्छ लिहिलेलं आहे. आकडा दोन्हीकडे नव्वदच! पण तेलं दोन. मला वाटतं, हा लेख एका ओळीत सांगायचा तर हा तक्ता पुरेसा आहे.

मग 'सगळ्यात तेच' कुठून आलं? गंमत म्हणजे तेही जीपवाल्या लष्कराकडूनच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराकडे शेकडो प्रकारची वाहनं होती. प्रत्येकाला वेगळं तेल जगभर पोचवायचं म्हणजे डोकेदुखी. म्हणून लष्कराने एकाच 'युनिव्हर्सल' गिअर ऑइलचं मानक बनवलं, जे युद्धानंतर मिल-एल-२१०५ या नावाने ओळखलं गेलं. साठच्या दशकात इंजिनं अधिक ताकदीची झाली, हायपॉइडवरचा भार वाढला, तेव्हा २१०५-बी ही आणखी कडक आवृत्ती आली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने यांनाच सोपी नावं दिली. पहिल्याच्या तोडीचं ते जीएल-४, दुसऱ्याच्या तोडीचं ते जीएल-५. जीएल-५ मध्ये रसायनाचं प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं.

इथे आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांची फसगत होण्याची पूर्ण सोय आहे. चार आणि पाच. साहजिकच आपण व्हर्जन नंबर समजणार. पाच म्हणजे नवीन, सुधारलेलं, मागच्याशी कम्पॅटिबल. प्रत्यक्षात हा अपग्रेड नाही, ही फुटलेली वेगळी शाखा आहे. जीएल-५ हे डिफरन्शियलच्या हायपॉइडसाठी जास्त चांगलं तेल आहे. पितळी कड्यांच्या गिअरबॉक्ससाठी ते 'जास्त चांगलं' असेलच असं नाही, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत नसतंच.

याला मोजमाप आहे. तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी तेलात बुडवून १२१ अंशांवर ३ तास ठेवतात आणि बाहेर काढून तिचा रंग पाहतात. जेमतेम डागाळली तर १, काळी पडून खाल्ली गेली तर ४. जीएल-५ च्या मानकाप्रमाणे ही पट्टी ३ क्रमांकापर्यंत, म्हणजे चांगली गडद झाली, तरी तेल पास. प्रामाणिकपणे सांगायचं तर आजची कित्येक जीएल-५ तेलं यापेक्षा पुष्कळ सौम्य आहेत, काही कंपन्या आपल्या नव्या गिअरबॉक्सला तीच सांगतात, आणि काही डब्यांवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं असतं. तेव्हा जीएल-५ म्हणजे विष, असला प्रचार मी करणार नाही. पण डब्यावर फक्त 'जीएल-५' असेल आणि गाडी जुनी असेल, तर आतल्या पट्टीचा रंग आपल्याला माहीत नसतो. आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात, भरल्या गाडीनिशी, यवतमाळहून नागपूरला जाताना गिअरबॉक्सचं तापमान वाढतं तेव्हा त्या चाचणीची पुनरावृत्ती आपल्याच खर्चाने होत असते.

आपल्या बाजारात ही शाखा दिसेनाशी का झाली, तेही समजण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकात तेल कंपन्यांच्या पाट्या बदलल्या. १९७२ मध्ये इंडियन ऑइलचा 'सर्वो' ब्रँड आला, १९७४ मध्ये एस्सोचं हिंदुस्तान पेट्रोलियम झालं, १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारने घेतली आणि तिचं पुढे भारत पेट्रोलियम झालं. नावं बदलली, बोलण्यातला 'नव्वद नंबर' तसाच राहिला. जिल्ह्यातला खरा ग्राहक ट्रॅक्टर आणि ट्रक. दुकानदाराने जास्त खपणाऱ्या मालाची बादली ठेवली, त्याला दोष कसा द्यायचा? अमेरिकन लष्कराने जो हिशोब केला तोच त्याने केला. एक बादली, कमी भानगड. आणि अॅम्बॅसडर-जीपच्या जमान्यात ही चूक पचूनही जायची, कारण गिअरबॉक्सचे पार्ट मिळायचे, मेकॅनिक रस्त्याच्या कडेला उतरवून दुरुस्त करायचा.

मग १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि आतली रचनाच बदलली. इंजिन आडवं, पुढच्या चाकांना ताकद, लांब दांडा नाही, मागे डिफरन्शियल नाही. ते गिअरबॉक्सच्याच पोटात बसलेलं, आणि त्याचे दात हायपॉइड नाहीत, साधे तिरके, लाटण्याच्या जातीचे. म्हणजे ज्या रोगासाठी जीएल-५ चं औषध निघालं तो रोगच या गाडीला नाही. पितळी कडी मात्र आहेत. म्हणून तिच्यासाठी जीएल-४ सांगितलेलं असतं. औषध घ्यायचं नाही असं नव्हे, दुसऱ्याचा डोस घ्यायचा नाही.

आता कामाचं बोलू. कुणाच्या गावी घरची जुनी गाडी उभी असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी गाडीचं पुस्तक. ते हरवलेलं असतंच, पण इतरांकडून स्कॅन मिळतं. त्यात दोन गोष्टी बघायच्या, दाटपणा आणि जीएल. दाटपणाची फार चिंता नको. ८०डब्ल्यू-९० मधला ८०डब्ल्यू हा उणे २६ अंशांच्या थंडीचा हिशोब आहे, ७५डब्ल्यू हा उणे ४० चा. यवतमाळात जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरला तरी आपण कुडकुडतो. थंड सकाळी ७५डब्ल्यू-९० ने पहिले दोन गिअर जरा हलके पडतात, इतकाच फरक. जीएलच्या बाबतीत मात्र तडजोड नको. पुस्तकात जीएल-४ असेल तर डब्यावर जीएल-४ वाचूनच घ्या. नुसतं 'हायपॉइड' किंवा 'ईपी ९०' वाचून नाही. जीप, अॅम्बॅसडर यांसारख्या मागच्या चाकांच्या गाड्यांत दोन भोकं असतात, तेव्हा दोन डबे लागले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

आवाज येतो म्हणून १४० टाकायचा सल्ला मिळेल. जुनी गाडी विकणाऱ्यांची ही ठेवणीतली युक्ती आहे. दाट तेलाने आवाज दबतो, झीज थांबत नाही, उलट कड्याला दाट तेल बाजूला सारून शंकू धरायला आणखी वेळ लागतो.

तेल काढण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मग खालचा उघडा. नाहीतर तेल जमिनीवर आणि भरायला वाट नाही. गाडी थोडी फिरवून गरम असताना काढा. आणि निघालेलं तेल उजेडात धरून बघा. तळाला राखाडी चिखल म्हणजे लोखंडाची नेहमीची झीज. त्यात सोनेरी चमचम दिसली तर ते पितळ आहे, तुमची कडी तेलात उतरली आहेत. ते जुनं तेल वाळवी लागू नये म्हणून गावाकडे लाकडाला फासतात, निदान विहिरीच्या आणि गोठ्याच्या जवळ तरी ओतू नका.

बाबांच्या गाडीच्या तेलात चमचम होती. थोडी. गाडी घरी आल्यापासून कुठल्या वर्षी काय टाकलं गेलं याची नोंद नाही, त्यामुळे दोष तेलाचा, वयाचा की बाबांच्या घाईचा, हे ठरवता येणार नाही. जीएल-४ चं डबडं यवतमाळात तिसऱ्या दुकानात मिळालं, किंमत नेहमीच्या नव्वदपेक्षा फार वेगळी नव्हती. तिसरा गिअर आता तापल्यावरही बऱ्याच वेळा मुकाट पडतो. झिजलेलं पितळ कुठल्याही तेलाने परत येत नाही, पण उरलेलं तरी टिकेल. कडं स्वतः स्वस्त असतं, ते बदलायला गिअरबॉक्स उतरवून खोलायची मजुरी महाग असते. एका डब्याच्या निवडीवर इतकंच अवलंबून आहे, आणि पंचवीसहून जास्त वर्षांच्या गाडीच्या दृष्टीने ते पुष्कळ आहे.

मेकॅनिकला मी जीपचा तो तक्ता मोबाइलवर दाखवला. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे नव्वद दोन असतात म्हणा की."

हो. दोन असतात. दुकानात गेलात तर तेवढं विचारा, कुठलं नव्वद?